रूथ गेली कुठे?

आमच्या सोसायटीत 'रूथलेस' हा शब्द उच्चारायला बंदी आहे. तसा ठराव कधी झालेला नाही, जिन्याखालच्या फळ्यावरही काही लिहिलेलं नाही. पण नवा भाडेकरू आला की पाणी किती वाजता येतं, ओला कचरा कुठल्या डब्यात टाकायचा आणि दुसऱ्या मजल्यावरच्या सरांसमोर कुठला शब्द काढायचा नाही, हे वॉचमन त्याला किल्ली देतानाच सांगतो. वॉचमनला इंग्रजी येत नाही. 'रूथलेस'ची व्युत्पत्ती मात्र तोंडपाठ आहे. रात्रपाळीत माणसाला पळून जायला जागा नसते.

सर हायस्कुलात इंग्रजी शिकवून निवृत्त झाले. निवृत्त शिक्षकांत कोणी हास्यक्लब काढतं, कोणी नातवाच्या गृहपाठाला स्वतःला जुंपून घेतं, कोणी वर्तमानपत्रांच्या संपादकांना छळतं. सरांनी शब्दांची मुळं खणायला घेतली. शब्द कानावर पडला की तो काय सांगतोय याच्याशी त्यांना कर्तव्य नसतं. तो मूळचा कुठला, त्याचे आईबाप कोण, चुलत घराण्याशी जाणंयेणं आहे का, एवढंच ते पाहतात. सोयरीक जुळवायला निघालेल्या आत्याबाईच जणू. त्यांच्या टेबलावर स्कीटचा इंग्रजी व्युत्पत्तिकोश, मोल्सवर्थ आणि कृ. पां. कुलकर्ण्यांचा 'मराठी व्युत्पत्ति कोश' असे तीन ठोकळे कायम उघडे असतात. काकू त्यांना 'माझ्या सवती' म्हणतात आणि दर शुक्रवारी त्यांच्यावरची धूळ झटकतात.

तर मध्यंतरी तिसऱ्या मजल्यावर हिंजवडीत नोकरी करणारा एक मुलगा राहायला आला आणि नेमका त्या दिवशी वॉचमन रजेवर होता. संध्याकाळी हा मुलगा पार्किंगमध्ये फोनवर कुणाला तरी सांगत होता, "आमचा मॅनेजर ना, एकदम रूथलेस आहे यार." पलीकडे सर स्कूटर पुसत होते. फडकं थांबलं.

"रूथ कोण?" सरांनी विचारलं.

मुलगा गडबडला. "रूथ कोणी नाही सर. मॅनेजर पुरुष आहे."

"मग ती नाही म्हणून त्याला बोल का लावतोस?"

मुलाने फोन बंद केला. इथेच तो फसला. फोन चालू ठेवून लिफ्टकडे चालू लागायचं असतं, हे सोसायटीत शेंबडं पोरही जाणतं. हा मात्र संस्कारी निघाला. कॉन्व्हेंटमध्ये शिकलेला असल्यामुळे त्याने अंदाज बांधला, "बायबलमधली रूथ का सर?"

या उत्तराची सर वाटच पाहत असतात. कोणी दिलं नाही तर ते स्वतः सुचवतात आणि मग खोडतात. बायबलमधली रूथ मवाब देशातली. नवरा वारल्यावर सासूने सांगितलं, बाई गं, तू आपल्या माहेरी जा. ही गेली नाही. सासूबरोबर बेथलेहेमला आली, परक्याच्या शेतात सातूचा सरवा वेचून दोघींचं पोट भरलं, पुढे त्याच शेताच्या मालकाशी तिचं लग्न झालं आणि तिचा पणतू म्हणजे दावीद राजा. सर ही गोष्ट सुरेख सांगतात, 'सरवा' म्हणजे काय ते नव्या पिढीला समजावून सांगतात, आणि ऐकणारा मनात म्हणतो, पटलं, अशी सून जिथे नाही तिथे दया कुठली, म्हणून रूथलेस. तो असं मनात म्हणतोय हे चेहऱ्यावर दिसलं की सर ओरडतात, "चूक! ती रूथ हिब्रू. तिच्या नावाचा संबंध मैत्रीण, सोबतीण अशा अर्थाशी लावतात. आपल्या रूथचं नि तिचं नातं नाही, गोत्र नाही, गावही वेगळं!"

मग आपली रूथ कोण? ती 'रू' या क्रियापदाची मुलगी. 'रू' म्हणजे हळहळणं, मनाला लागून राहणं. जुन्या इंग्रजीत त्याच्या तोंडाशी 'ह' होता, आणि तो 'ह्रेओवान' उच्चारून दाखवताना सर घसा असा खाकरतात की पार्किंगमधली मांजरं उठून जातात. जर्मन माणूस पश्चात्तापाला 'रॉये' म्हणतो तो हाच. या 'रू'ला मागे 'थ' लागला. सरांनी बोटं मोजायला घेतली: ट्रू-ट्रूथ, वॉर्म-वॉर्म्थ, ग्रो-ग्रोथ, स्टील-स्टेल्थ, स्लो-स्लॉथ. "तसं रू-रूथ! म्हणजे दुसऱ्याचं दुःख बघून आपल्या पोटात जे तुटतं, ते. ते ज्याच्याकडे नाही, तो रूथलेस."

एवढ्यात फाटकाशी बिर्याणीचं पार्सल आलं. पार्सलवाला ओटीपी मागत उभा आणि सर चौदाव्या शतकात. चॉसरच्या लिखाणात ही रूथ कशी जागोजागी वावरते, 'रूथलेस'ही त्याच शतकातला कसा, मिल्टनने 1637 साली समुद्रात बुडालेल्या मित्रावर 'लिसिडस' लिहिलं त्यात तो देवदूतालाही रूथने विरघळायला कसं सांगतो, हे सगळं पार्सलवाल्याच्या साक्षीने झालं. मुलाने दोनदा "ओके सर" म्हणून पाहिलं. सरांच्या शब्दकोशात 'ओके' म्हणजे 'पुढे चला'. त्यांनी 1066 साली नॉर्मन लोकांना इंग्लंडात उतरवलं. त्यांच्या मागोमाग पिटी, मर्सी ही फ्रेंच पाहुणेमंडळी येऊन ऐसपैस बसली आणि घरची रूथ कोपऱ्यात गेली, ती गेलीच. आज इंग्रजी माणूस कुणाच्या दुःखाने कळवळला तरी त्याला रूथ आली असं म्हणत नाही. "दया निघून गेली," सर म्हणाले, "निर्दय तेवढा घर अडवून बसलाय!"

वाक्य चांगलं होतं. मुलाने मान हलवली ती मात्र बिर्याणीकडे बघून. सरांनी ती दाद धरली आणि रूथच्या भावंडांना पाचारण केलं. 'रेकलेस'मधला 'रेक' म्हणजे पर्वा; तो गेला. 'हॅपलेस'मधला 'हॅप' म्हणजे नशीब. 'हॅपी' त्याचाच, पण बाप गेला नि पोर राहिलं. 'लिस्टलेस'मधली लिस्ट ही किराण्याची यादी नव्हे, ती इच्छा. आणि 'फेकलेस' म्हणजे कधी न फेकणारा असं समजू नकोस, तो स्कॉटलंडचा; 'इफेक्ट'चं डोकं उडवून त्यांनी 'फेक' केला. बिर्याणी उघडली तेव्हा तिच्यातलं तूप गोठलं होतं, असं तो मुलगा नंतर सांगत होता. आता तो मॅनेजरला 'स्ट्रिक्ट' म्हणतो. 'स्ट्रिक्ट'लाही मूळ आहे, ते त्याला अजून कोणी सांगितलेलं नाही.

हा असा माणूस. कळवळा या गोष्टीचं सात पिढ्यांचं कुलवृत्त ज्याला मुखोद्गत आहे, त्याला समोरच्याच्या हातातली दुधाची पिशवी ठिबकताना दिसत नाही. ज्याला कार्यालयाची बस गाठायची आहे, ज्याला घाईची लागली आहे, ज्याचं पोर शाळेच्या फाटकाशी उभं आहे, कुणाचीही भीडमुर्वत नाही. बरं, दुष्ट म्हणावं तर तसंही नाही. वॉचमनच्या मुलीची इंग्रजीची शिकवणी सर फुकट घेतात. मुलगी दहावीला जाईपर्यंत तिला 'नाइट'मध्ये 'जीएच' कुठून आला हे पक्कं ठाऊक झालं होतं. 'नाइट' वाक्यात कसा वापरायचा ते तिने शाळेत विचारलं.

सरांना गप्प केल्याचा मान आजवर ज्यांना मिळाला त्यात एक दाताचे डॉक्टर आहेत. सरांची दाढ ठणकायला लागली म्हणून मी त्यांना घेऊन गेलो. रूट कॅनॉल करायचं ठरलं. जन्मभर इतरांसमोर मुळं खणलेला माणूस खुर्चीत आडवा पडला होता आणि त्यांच्याच जबड्यातलं मूळ दुसराच कोणी खणत होता. तोंडात कापूस, लाळ ओढणारी नळी, अर्धा गाल बधिर. मी सुखाने मासिक चाळत बसलो. शेवटी डॉक्टरांनी दातांमध्ये निळा कागद धरला आणि म्हणाले, "चावा." सरांनी चावलं. "पुन्हा चावा."

झालं. सर उठूनच बसले आणि "हिमोह्स! हिमोह्स!" असं काहीतरी ओरडायला लागले. डॉक्टरांना वाटलं इंजेक्शन उतरलं. त्यांनी वेदनाशामक गोळ्या वाढवून दिल्या. रिक्षात गालाला जरा जाग आल्यावर उलगडा झाला. 'रिमोर्स' हा शब्द लॅटिनमधून आला, त्याचा धात्वर्थच 'पुन्हा चावणं'. रूथला भाऊबंद शोधताना सरांना हा मिळाला होता. 1340 साली कँटरबरीच्या मठातल्या डॅन मायकेल नावाच्या साधूने एका फ्रेंच ग्रंथाचं भाषांतर केलं, त्याला हा लॅटिन वळणाचा शब्द नको होता, म्हणून त्याने घरच्या मातीतून 'अगेनबाइट' असा शब्द घडवला. "पुन्हा-चावा! अरे, साधूला जमलं ते दंतवैद्याला सहज जमलं!" सरांच्या बधिर ओठातून तुषार उडत होते. मी म्हटलं, आपल्याकडे मन खातं म्हणतात. सर एकदम थांबले, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "लिहून ठेव." त्यांच्याकडून मिळालेलं हे एवढंच प्रशस्तिपत्र. रिक्षावाल्याने मीटरपेक्षा दहा रुपये जास्त घेतले. मी वाद घातला नाही. त्यानेही सगळं ऐकलं होतं.

सरांच्या बाल्कनीत एक सतापाचं झाड आहे. चांगलं कुंडीभर माजलेलं, बोटांत पान चुरडलं तर तासभर वास जात नाही. आपल्याकडे पोरांच्या सर्दीखोकल्याला जुन्या बायका सताप वापरत आल्या. इंग्रजीत या झाडाचं नाव 'रू'. सरांनी ते त्यासाठीच लावलं. खालच्या मजल्यावरची सून एकदा तान्ह्याला कडेवर घेऊन दोन पानं मागायला आली. तान्हं खोकत होतं.

"पानं देतो," सर म्हणाले, "पण एक लक्षात ठेव. हा 'रू' वेगळा आणि रूथमधला 'रू' वेगळा. हा लॅटिन 'रूटा'तून आला. पण कानाला दोन्ही सारखे, त्यामुळे इंग्रजांनी या झाडालाच हळहळीचं झाड करून टाकलं." तिथून ते शेक्सपिअरवर गेले. 'दुसरा रिचर्ड' नाटकात राणीला राजाच्या पडतीची बातमी बागेत कळते, तिचा अश्रू जमिनीवर पडतो, आणि माळी म्हणतो इथे मी 'रू'चा वाफा लावीन. रूथची खूण म्हणून. प्रसंग खरोखर हलवणारा आहे. साधा माळी, जिने त्याला नुकतेच शिव्याशाप दिले त्या राणीसाठी हळहळतो. सरांचा आवाज दाटून आला. तान्हं खोकत होतं. शेवटी काकूंनी आतून येऊन कात्रीने पानं कापली, सुनेच्या हातात कोंबली आणि म्हणाल्या, "तू जा गं. राणीचं आवरलं की मी यांना चहा देते."

एवढं सगळं असून, या व्यसनात काही दम आहे हे मला मान्य करावं लागतं, आणि ते एका सकाळच्या पेपरामुळे. पहिल्या पानावर मथळा होता, अमुक ठिकाणी तरुणाचा निर्घृण खून. असा मथळा आपण इतक्यांदा वाचतो की निर्घृण हे खुनाचं आडनावच झालंय. सर पेपर नाचवत खाली आले. "घृणा म्हणजे काय?"

"किळस," मी म्हटलं.

"मग निर्घृण म्हणजे ज्याला किळस येत नाही तो? खुन्याला रक्ताची किळस आली नाही, असं म्हणायचंय वार्ताहराला?"

मी गप्प. हे डोक्यात कधी आलंच नव्हतं. सर म्हणाले, संस्कृतात घृणा म्हणजे किळस होतं तसंच कणवही होतं. ती कणव ज्याला नाही तो निर्घृण. पुढे मराठीत घृणेतली कणव आटली, किळस तेवढी उरली. आणि 'निर्घृण' मात्र जुनाच अर्थ धरून रोज पहिल्या पानावर येतो. "इंग्रजांची रूथ मेली. आपली घृणा मेली नाही रे, उलटली!" आणि जाता जाता त्यांनी आणखी एक ठेवून दिलं. इंग्रजी 'क्रुएल' आणि आपला 'क्रूर' हे खरेखुरे चुलतभाऊ आहेत. दोघांच्या मागे एकच प्राचीन धातू, अर्थ कच्चं मांस, रक्त. दयेला जगात प्रत्येकाने आपापला शब्द शोधला, क्रौर्याला मात्र सामायिक सातबारा आहे. त्या दिवशी माझी बँकेची वेळ चुकली आणि मला त्याचं वाईट वाटलं नाही. हे सरांना अजून सांगितलेलं नाही, सांगणारही नाही.

सरांना निरुत्तर करणारा दुसरा माणूस म्हणजे त्यांचा जावई. मुलगी-जावई बॉस्टनला असतात. रविवारी व्हिडिओ कॉलवर सासऱ्यांनी नेहमीप्रमाणे "रूथ गेली कुठे?" म्हणून सुरुवात केली, तर जावई म्हणाला, "बाबा, न्यूयॉर्कला. विकला आम्हीच त्याला." बेसबॉलचा मोठा खेळाडू बेब रूथ बॉस्टन रेड सॉक्सकडे होता, 1919च्या डिसेंबरात मालकाने त्याला न्यूयॉर्क यँकीजना विकलं, आणि 1918 साली जिंकलेलं अजिंक्यपद बॉस्टनला पुन्हा पाहायला 2004 उजाडलं. "तेवढी सगळी वर्षं आमचं गाव रूथलेस होतं बाबा." काकू हसून हसून फोनबाहेर गेल्या. सर दोन दिवस कोशांत डोकं घालून बसले आणि मग "विशेषनामांना हा नियम लागू नाही" असं जाहीर केलं. जावयाचा मान म्हणून वाद वाढवला नाही.

आता सर्वसाधारण सभेचं सांगतो. दरवर्षी सप्टेंबरअखेरच्या आत ती घ्यावी लागते, आणि यंदा विषय एकच होता, चौथ्या मजल्यावरच्या गृहस्थांची थकबाकी. गृहस्थ गोडबोले स्वभावाचे. मेंटेनन्सचा विषय निघाला की ते समोरच्याच्या आईच्या तब्येतीची चौकशी करतात. सचिवांनी तयारी जय्यत केली होती. थकबाकीवर 21 टक्के सरळव्याज, नोटीस, पुढे वसुलीचा दाखला, असा ठराव टाइप करून आणला होता. अध्यक्षांनी वाचायला सांगितलं. सचिवांनी चष्मा लावला, सभेवर नजर फिरवली आणि आवेशात म्हणाले, "मंडळी, आता आपल्याला रूथलेस व्हावंच लागेल."

त्यांच्या ते लक्षात आलं. सगळ्यांच्याच आलं. पण बाण सुटला होता. पहिल्या रांगेत सर उभे राहिले होते.

"दोनच मिनिटं," सर म्हणाले.

मागच्या रांगेतल्या बायका पिशव्या उचलून "कुकर लावायचाय" करत निघाल्या. सर बेथलेहेमला पोचेपर्यंत एक रांग रिकामी झाली. ह्रेओवानला लहान मुलं घाबरून घरी गेली. खजिनदारांनी घड्याळ दाखवलं, तर सरांना 'क्लॉक' आठवला. तो आवरता आवरता आणखी तिघे गेले. सचिव हातघाईवर आले. "सर, राहिलं! रूथलेस मागे घेतो. मर्सीलेस लिहितो, मर्सीलेस!"

"मर्सी!" सरांचा चेहरा उजळला. "मर्सी कुठून आली? लॅटिन 'मर्सेस'. म्हणजे मोबदला, मजुरी. मर्चंट, मार्केट, कॉमर्स, भाडोत्री सैनिकाला म्हणतात तो मर्सिनरी, सगळं एकाच पेठेतलं. चर्चने तिला स्वर्गातल्या मोबदल्याचा अर्थ दिला म्हणून ती दया झाली. मुळात ती पैशाची! आता मला सांगा, मोबदला कोण देत नाही? मग इथे मर्सीलेस कोण ठरलं, सोसायटी की हे?" आणि त्यांनी चौथ्या मजल्याकडे बोट दाखवलं.

सभेत त्या दिवशी झालेलं ते सगळ्यांत कडक भाषण होतं. टाळ्या वाजायला हव्या होत्या. पण वाजवायला माणसं उरली नव्हती. सर 'पिटी' आणि 'पायटी' या जुळ्या बहिणी कशा, याकडे वळले तेवढ्यात थकबाकीदार गृहस्थ नम्रपणे उठले, खुर्च्या मोजल्या आणि म्हणाले, "अध्यक्षमहाराज, कोरम नाही." सभा तहकूब झाली. ठराव सचिवांच्या हातातच राहिला. थकबाकीदारांनी सरांना वाकून नमस्कार केला आणि पिटीचं पुढे काय झालं ते विचारलं.

तेव्हापासून ते रोज संध्याकाळी सरांच्या बाल्कनीत, सतापाच्या कुंडीशेजारी बसलेले असतात. ऐकतात, मधूनमधून "वा" म्हणतात, प्रश्नही विचारतात. सचिवांचं म्हणणं, हा माणूस मेंटेनन्स भरत नाही हे खरं, पण सोसायटीवरचा केवढा बोजा तो एकटा उचलतोय. काकूंना संध्याकाळची मालिका शांतपणे बघायला मिळते. पार्किंगमध्ये लोक पुन्हा मोकळेपणी फोनवर बोलायला लागलेत. तिसऱ्या मजल्यावरचा मुलगा गरम बिर्याणी खातो. व्याजाचा विषय काढायची आता कोणाला फारशी घाई दिसत नाही.

तरी तहकूब सभा घ्यावी तर लागणारच. अध्यक्ष मुलाकडे कॅनडाला गेलेत, त्यामुळे त्या दिवसापुरता अध्यक्ष सभासदांतून निवडायचा आहे. सरांचं नाव चौथ्या मजल्याने सुचवून ठेवलंय. सचिव या वेळी सावध आहेत. नोटिशीत एकही इंग्रजी शब्द येऊ दिलेला नाही. 'थकबाकीदारांवर कठोर कारवाई करण्याबाबत विचार करणे' असं शुद्ध मराठीत छापून प्रत्येक दाराखालून आत सरकवलंय. सरांची प्रत दुसऱ्या दिवशी परत आली. 'कठोर'खाली लाल पेन्सिलीने दोन रेघा आणि समासात बारीक अक्षरात, 'सभेत सविस्तर बोलेन.'